विश्लेषण : २० टन शेंगदाण्यांनी वाचवलेली मालिका पुन्हा बंद का पडली? चाहत्यांच्या मोहिमांना यश कधी येते?

ॲमेझॉन प्राइम व्हिडिओने मे २०२५ मध्ये ‘द व्हील ऑफ टाइम’ ही भव्य मालिका तिसऱ्या पर्वानंतर बंद केली. तिसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग येऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते आणि समीक्षकांनी तिन्ही पर्वांत याच पर्वाला सर्वाधिक दाद दिली होती. दुसऱ्या एखाद्या ओटीटीने ही मालिका घ्यावी, यासाठी चाहत्यांनी सुरू केलेल्या ऑनलाइन याचिकेवर लाखाहून अधिक सह्या झाल्या. ॲमेझॉनचा निर्णय मात्र बदलला नाही. बंद पडलेली मालिका परत आणण्याच्या अशा मोहिमा गेली जवळपास ६० वर्षे सुरू आहेत. काहींना यश आले, बहुतेकांना आले नाही. तळमळ सगळ्यांचीच सारखी असते. मग कोणाची मालिका परत येते आणि कोणाची नाही, हे कशावर ठरते?

लाखभर सह्या कमी का पडल्या?

रॉबर्ट जॉर्डन यांची मूळ कादंबरीमालिका १४ खंडांची आहे. जॉर्डन यांचे २००७ मध्ये निधन झाल्यावर शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसन यांनी पूर्ण केले. मालिकेचे तिसरे पर्व प्रामुख्याने चौथ्या खंडावर बेतलेले होते. म्हणजे कथेचा फार मोठा भाग सांगायचाच राहून गेला. चाहत्यांचा संताप आहे तो याचसाठी.

मालिका चालवणाऱ्याचे गणित वेगळे असते. नवी मालिका नवे वर्गणीदार आणते. चौथे पर्व प्रामुख्याने आधीच वर्गणी भरलेल्यांना खूश करते. त्याच वेळी कलाकार, लेखक आणि निर्मात्यांचे मानधन करारानुसार दर पर्वागणिक वाढत जाते. परिणामी पर्व जितके पुढचे, तितके ते महाग आणि नवे पैसे आणण्याची त्याची ताकद कमी, अशी उलटी स्थिती येते. त्यात ही मालिका प्रागमध्ये उभारलेल्या सेटवर, मोठ्या कलाकारसंचासह आणि भरपूर दृश्य परिणाम वापरून तयार होत होती.

सह्यांचा हिशेब मांडून पाहू. एक लाख लोकांनी केवळ या मालिकेसाठी दरमहा १० डॉलर वर्षभर दिले, असे मानले तरी रक्कम होते १ कोटी २० लाख डॉलर. इतक्या भव्य मालिकेचे एक-दोन भागच त्यात निघतील. शिवाय सही करणारे अनेक जण प्राइमचे सदस्य आधीपासूनच आहेत आणि मालिका बंद झाली म्हणून पार्सल लवकर घरपोच मिळण्याची सोय कोणी सोडून देत नाही. सही करायला पैसे लागत नाहीत, हेही समोरच्याला ठाऊक असते.

एवढे चाहते असताना आकडे कमी कसे येतात?

टीव्हीचा प्रेक्षक मोजला जातो तो नमुन्यावरून. अमेरिकेत हे काम नील्सन कंपनी करते, भारतात ‘बार्क’. आपल्याकडे ५० हजारांहून अधिक निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून देशभरातील कोट्यवधी घरांचा अंदाज बांधला जातो आणि दर गुरुवारी आकडे येतात. तुमच्या घरी तो मीटर नसेल, तर तुम्ही आवडती मालिका रोज पाहा किंवा टीव्ही बंद ठेवा, टीआरपीत तिळमात्र फरक पडत नाही. निष्ठावान चाहत्याची खरी अडचण ही आहे. त्याचे पाहणे मोजलेच जात नाही. त्यामुळे पत्रे लिहिणे, वस्तू पाठवणे, मोर्चा काढणे हे सगळे एका अर्थाने ‘मलाही मोजा’ असे सांगण्याचे प्रकार आहेत.

ओटीटीवर परिस्थिती बरोबर उलटी आहे. तिथे प्रत्येक मिनिट मोजले जाते. कोणी मालिका सुरू केली, कोणी दुसऱ्याच भागात सोडली, कोण शेवटपर्यंत गेले, सगळी नोंद कंपनीकडे असते. ती बाहेर सांगितली जात नाही एवढेच. नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२१ पासून दर आठवड्याची पहिल्या दहांची यादी आणि डिसेंबर २०२३ पासून सहामाही अहवाल देणे सुरू केले. तरीही एखादी मालिका किती जणांनी अर्ध्यावर सोडली, हे प्रेक्षकाला कळत नाही. ‘आम्ही खूप जण आहोत’ असे चाहते ओटीटी कंपनीला सांगतात, तेव्हा ते नेमके किती आहेत हे कंपनीला त्यांच्यापेक्षा चांगले माहीत असते.

याची सुरुवात कुठून झाली?

या साऱ्या मोहिमांचे मूळ ‘स्टार ट्रेक’मध्ये आहे. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झालेली ही अंतराळमालिका दुसऱ्या पर्वातच बंद होणार, अशी कुणकुण १९६७च्या अखेरीस लागली. ब्जो आणि जॉन ट्रिम्बल या दाम्पत्याने टपालाने देशभरातील चाहत्यांची साखळी उभी केली. छापील मजकुरावर सही करून पाठवू नका, प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत पत्र लिहा, यावर त्यांचा भर होता. मालिकेचे कर्ते जीन रॉडेनबेरी यांचे पडद्यामागून पाठबळ होते. कॅल्टेक या नामांकित विज्ञानसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी एनबीसीच्या बरबँक येथील कार्यालयावर मोर्चा काढला. वाहिनीच्याच सांगण्यानुसार एक लाखाहून अधिक पत्रे आली. अखेर १ मार्च १९६८च्या रात्री भाग संपल्यावर मालिका सुरू राहणार असल्याचे वाहिनीला प्रसारणातच जाहीर करावे लागले.

पुढे काय झाले, हे फारसे सांगितले जात नाही. तिसऱ्या पर्वाला शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली. तरुण प्रेक्षक, म्हणजे मालिकेचा हक्काचा प्रेक्षक, त्या वेळी घराबाहेर असतो. खर्चाला कात्री लागली, रॉडेनबेरी दैनंदिन कामातून बाजूला झाले, दर्जा घसरला आणि १९६९ मध्ये मालिका बंद झाली ती झालीच.

पण फसलेल्या त्या तिसऱ्या पर्वाने एक काम केले. एकूण भागांची संख्या ७९ झाली. अमेरिकेत स्थानिक वाहिन्या जुन्या मालिका विकत घेऊन रोज एक भाग दाखवत. त्यासाठी पुरेसा साठा लागतो. दोन पर्वांवर थांबलेली ‘स्टार ट्रेक’ तिथे विकली जाणे अवघड होते. ७९ भागांची मालिका सत्तरच्या दशकात गावोगावी संध्याकाळच्या वेळी दिसू लागली आणि तिचा खरा प्रेक्षक तिथे तयार झाला. त्याच बळावर १९७९ मध्ये चित्रपट आला आणि मग मालिकांची रांग लागली. चाहत्यांनी वाचवलेले पर्व कोणालाच फारसे आवडले नाही, पण पुढचे सगळे त्याच्यामुळे घडले. दरम्यान, चाहत्यांच्या पत्रांच्या आणखी एका लाटेमुळे १९७६ मध्ये नासाच्या पहिल्या स्पेस शटलला मालिकेतील यानाचे नाव मिळाले, ‘एंटरप्राइज’.

शेंगदाण्यांचे प्रकरण काय होते?

‘जेरिको’ ही सीबीएस वाहिनीवरील मालिका सप्टेंबर २००६ मध्ये सुरू झाली. अमेरिकेतील अनेक शहरांवर अणुहल्ले झाल्यावर जगापासून तुटलेल्या कॅन्ससमधील एका छोट्या गावाची ही गोष्ट. पहिल्या भागाला एक कोटीहून अधिक प्रेक्षक मिळाले. मग वाहिनीने नोव्हेंबरअखेर मालिका थांबवली आणि थेट फेब्रुवारीत परत आणली, तीही ‘अमेरिकन आयडॉल’ या त्या काळच्या सर्वांत लोकप्रिय कार्यक्रमासमोर. व्हायचे तेच झाले, प्रेक्षक गळाले. मे २००७ मध्ये मालिका बंद झाल्याचे जाहीर झाले आणि कथा ऐन लढाईच्या तोंडावर अडकून पडली.

त्या शेवटच्या भागात शरण येण्याचा निरोप आल्यावर नायक एकाच शब्दात उत्तर देतो, ‘नट्स’. हा संदर्भ दुसऱ्या महायुद्धातला आहे. डिसेंबर १९४४ मध्ये बेल्जियममधील बास्तोन येथे वेढा पडलेला असताना अमेरिकी जनरल अँथनी मॅकऑलिफ यांनी जर्मनांच्या शरणागतीच्या मागणीला याच शब्दात उत्तर धाडले होते. शब्दाचा अर्थ दाणे किंवा सुकामेवा, पण सूर ‘खड्ड्यात जा’ असा. चाहत्यांनी तोच शब्द उचलला आणि सीबीएसच्या कार्यालयांत शेंगदाण्यांची पोती येऊ लागली. सुकामेवा विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानाकडे मागणी नोंदवली जायची आणि माल परस्पर वाहिनीकडे रवाना व्हायचा. सुमारे २० टन शेंगदाणे पोहोचले. बातम्या झाल्या, वाहिनीचे हसे झाले आणि ६ जून २००७ रोजी सीबीएसच्या मनोरंजन विभागाच्या प्रमुख नीना टॅसलर यांनी चाहत्यांना उद्देशून पत्र काढून सात भागांचे दुसरे पर्व जाहीर केले. ताजा कलम असा की, आता कृपया शेंगदाणे पाठवू नका.

त्या पत्रात आणखी एक गोष्ट होती आणि ती जास्त महत्त्वाची होती. मालिका टिकायची असेल तर प्रेक्षक वाढले पाहिजेत आणि ते मिळवण्यासाठी चाहत्यांनी हाच उत्साह दाखवावा, असे टॅसलर यांनी स्पष्ट लिहिले होते. म्हणजे वाहिनीने चाहत्यांची मागणी मान्य केली आणि विक्रीची जबाबदारीही त्यांच्यावर टाकली. फेब्रुवारी २००८ मध्ये दुसरे पर्व आले. प्रेक्षक साठ-सत्तर लाखांच्या आसपासच राहिले. पोती पाठवणारे आधीपासूनच पाहत होते, त्यांच्यामुळे नवा प्रेक्षक आला नाही. २१ मार्च रोजी मालिका दुसऱ्यांदा बंद झाल्याचे जाहीर झाले.

तरीही चाहत्यांच्या हाती काहीच लागले नाही, असे म्हणता येणार नाही. निर्मात्यांनी या वेळी शहाणपणा करून शेवटच्या भागासाठी दोन शेवट चित्रित करून ठेवले होते. एक उत्कंठा ताणणारा, दुसरा कथेला विराम देणारा. मालिका बंद झाल्याने दुसरा दाखवला गेला. सात भाग आणि एक शेवट, ही २० टन शेंगदाण्यांची कमाई. माझ्या मते ती वाईट नाही, पण तिला मालिका वाचवणे म्हणता येत नाही.

मग यश कोणाला मिळाले?

ज्यांनी वाहिनीकडे प्रेम पोहोचवण्यापेक्षा पैसे देणारा माणूस पोहोचवला, त्यांना. ‘चक’ या एनबीसीवरील मालिकेच्या चाहत्यांनी २००९ मध्ये वेगळी युक्ती केली. मालिकेत ‘सबवे’ या सँडविच साखळीची जाहिरात कथेच्या ओघात येत असे. दुसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग २७ एप्रिलला होता. त्या दिवशी सबवेत जाऊन मोठे सँडविच घ्यायचे आणि दुकानातल्या अभिप्रायाच्या कार्डावर ‘चक’साठी आलो, असे लिहायचे, अशी हाक चाहत्यांनी एकमेकांना दिली. मालिकेचा नायक झॅकरी लेव्ही त्या सुमारास इंग्लंडमधील बर्मिंगहॅमला चाहत्यांच्या मेळाव्यात होता. तोही शेकडो जणांना घेऊन तिथल्या सबवेत गेला. वाहिनीला पत्र न लिहिता तिच्या जाहिरातदाराच्या गल्ल्यात पैसे टाकण्याची ही कल्पना अचूक होती. सबवेने प्रायोजकत्व वाढवले, मालिका सुरू राहिली आणि ती पाच पर्वे, ९१ भाग चालून जानेवारी २०१२ मध्ये संपली.

‘व्हेरॉनिका मार्स’ची गोष्ट याच्या एक पाऊल पुढची. २००७ मध्ये मालिका बंद झाली तेव्हा चाहत्यांनी वाहिनीला मार्स चॉकलेटचे हजारो बार पाठवले. उपयोग झाला नाही. सहा वर्षांनी, मार्च २०१३ मध्ये, मालिकेचे कर्ते रॉब थॉमस यांनी किकस्टार्टर या संकेतस्थळावर चित्रपटासाठी २० लाख डॉलरचे आवाहन केले. ही रक्कम अर्ध्या दिवसाच्या आत जमली. महिन्याभरात ९१ हजारांहून अधिक लोकांनी ५७ लाख डॉलर दिले. चित्रपट मार्च २०१४ मध्ये आला. इथे चाहता स्वतःच पैसे देणारा झाला. पण मालिकेचे हक्क वॉर्नर ब्रदर्सकडेच होते. पैसे देणाऱ्यांना टी-शर्ट, पटकथेची प्रत, चित्रपटाचे डाउनलोड असे काहीबाही मिळाले, नफ्यात वाटा नाही. एका बलाढ्य स्टुडिओला वर्गणी काढून देणे कितपत योग्य, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त होता.

‘फॅमिली गाय’ २००२ मध्ये बंद होऊन २००५ मध्ये परतली ती डीव्हीडीच्या तडाखेबंद विक्रीमुळे आणि दुसऱ्या वाहिनीवर जुने भाग जोरात चालल्यामुळे. ‘मॅनिफेस्ट’ एनबीसीने जून २०२१ मध्ये बंद केली. त्याच आठवड्यात तिची जुनी पर्वे अमेरिकेत नेटफ्लिक्सवर आली होती आणि पुढे कित्येक आठवडे ती पहिल्या दहांत राहिली. नेटफ्लिक्सने २० भागांचे चौथे पर्व जाहीर केले ते २८ ऑगस्टला, म्हणजे अमेरिकी पद्धतीने लिहिल्यास ८/२८. मालिकेतील विमानाचा क्रमांक ८२८ आहे. या वेळी मोहिमेचा आकडा आणि कंपनीचा आकडा एकच होता, म्हणून गोष्टी जुळल्या.

हक्क कोणाकडे आहेत, याला महत्त्व का?

‘द एक्सपान्स’ या अंतराळमालिकेचे उदाहरण यासाठी सर्वांत उपयोगी आहे. सायफाय वाहिनीने ती मे २०१८ मध्ये तिसऱ्या पर्वात बंद केली. वाहिनीकडे अमेरिकेतील थेट प्रसारणाचेच हक्क होते. लोक ती नंतर ॲमेझॉनवर किंवा इतर देशांत नेटफ्लिक्सवर पाहत. त्या पाहण्याचा एक पैसाही सायफायला मिळत नव्हता. तिच्या दृष्टीने मालिका पडलेली होती, बाकी जगाच्या दृष्टीने ती जोरात होती.

मालिकेची निर्मिती करणारी अल्कॉन ही कंपनी वाहिनीच्या मालकीची नव्हती. त्यामुळे तिला दुसरे गिऱ्हाईक शोधायची मोकळीक होती. चाहत्यांनीही निशाणा बरोबर धरला. सायफायकडे रडगाणे गाण्याऐवजी त्यांनी सँता मोनिका येथील ॲमेझॉन स्टुडिओवरून मालिका वाचवण्याचा फलक लावलेले विमान फिरवले. ॲमेझॉनचे तत्कालीन प्रमुख जेफ बेझोस स्वतः मालिकेचे चाहते होते. २५ मे रोजी लॉस एंजेलिसमध्ये अंतराळविषयक परिषदेत, मालिकेचे कलाकार समोर बसलेले असताना, त्यांनी मालिका वाचल्याचे जाहीर केले. बंद होण्यापासून वाचण्यापर्यंत सारे दोन आठवड्यांत. पुढे तीन पर्वे आली. एवढे होऊनही नऊ कादंबऱ्यांपैकी शेवटच्या तीन पडद्यावर आल्याच नाहीत.

त्याच महिन्यात फॉक्सने ‘ब्रुकलिन नाइन-नाइन’ ही विनोदी मालिका बंद केली आणि दीड दिवसाच्या आत एनबीसीने ती घेतली. समाजमाध्यमांवर त्या रात्री उसळलेल्या संतापाला याचे श्रेय दिले जाते. संताप खरा होता. पण मालिका तयार करणारी युनिव्हर्सल टेलिव्हिजन ही एनबीसीचीच भगिनी कंपनी आहे, हेही खरे. घरचाच माल दुसऱ्याच्या दुकानात होता, तो परत आणला.

यात वेळेचा भागही मोठा असतो. कलाकार ठरावीक तारखेपर्यंत करारात बांधलेले असतात. अमेरिकी वाहिन्यांच्या मालिकांत ही मुदत साधारण जूनअखेर संपते. ती उलटली की कलाकार दुसरी कामे घेतात, सेट मोडले जातात, लेखक पांगतात. मे महिन्यात बंद झालेल्या मालिकेच्या चाहत्यांची घाई त्यासाठी असते.

भारतात असे घडते का?

भारतातील अशा दबावाचे सर्वांत परिणामकारक उदाहरण समाजमाध्यमांच्या जन्माआधीचे आहे. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर सुरू झाले. ठरलेले ५२ भाग लोकप्रियतेमुळे ७८ झाले आणि ३१ जुलै १९८८ रोजी मालिका संपली. उत्तरकांड त्यात नव्हते. ते दाखवले जाणार नाही हे कळल्यावर जालंधरमधील सफाई कामगारांनी संप पुकारला आणि तो उत्तर भारतातील इतर शहरांत पसरला. त्यांपैकी अनेक जण महर्षी वाल्मीकींना आराध्य मानणाऱ्या समाजातील होते. सीतेला आश्रय देणारे आणि लव-कुशांना घडवणारे वाल्मीकी कथेत ठळकपणे वावरतात ते उत्तरकांडातच. ज्याने ही कथा रचली, त्यालाच वगळून ती संपवणे त्यांना मान्य नव्हते. शहरांत कचरा साचून रोगराईची भीती निर्माण झाली आणि सरकारला पुढच्या भागांना मान्यता द्यावी लागली. ऑक्टोबर १९८८ मध्ये लव-कुशांची कथा दूरदर्शनवर सुरू झाली.

या लोकांना ‘चाहते’ म्हणणे अपुरे आहे. त्यांच्यासाठी हा करमणुकीचा प्रश्न नव्हता, प्रतिष्ठेचा होता. आणि त्यांच्या हाती शेंगदाण्यांपेक्षा फार मोठे साधन होते. त्यांनी कामच थांबवले.

खासगी वाहिन्यांच्या काळात मात्र अशी उदाहरणे विरळ झाली. एक कारण हक्कांचे. आपल्याकडे वाहिनी मालिकेचा संपूर्ण खर्च देते आणि बहुतेक वेळा सर्व हक्क स्वतःकडे ठेवते. निर्माता ती उचलून शेजारच्या वाहिनीकडे नेऊ शकत नाही. कपिल शर्मा २०१६ मध्ये कलर्सवरून सोनीवर गेला तेव्हा मंडळी बरीचशी तीच होती, पण कार्यक्रमाचे नाव, घर, पात्रे सारे नव्याने उभे करावे लागले.

दुसरे कारण मालिकांच्या स्वरूपातच आहे. आपली दैनंदिन मालिका अर्ध्यावर तोडली जात नाही, ती गुंडाळली जाते. टीआरपी घसरला की वेळ बदलते, मग दोन-तीन आठवड्यांत खलनायिकेला उपरती होते, हरवलेले सापडतात, सगळे घर एका फ्रेममध्ये येते आणि सोमवारपासून त्या वेळेला नवी मालिका. प्रेक्षकाला शेवट मिळतो, मग तो कसाही असो. किंबहुना मराठी प्रेक्षकाची नेहमीची तक्रार उलटी असते. मालिका अकाली बंद केली यापेक्षा पाणी घालून वाढवली, असेच तो जास्त वेळा म्हणतो.

तरीही लोकांच्या आग्रहाने परतलेल्या मालिका आहेत. ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ २००४ मध्ये स्टार वनवर आली. टीआरपीच्या शर्यतीत ती कधीच पुढे नव्हती आणि २००६ मध्ये बंद झाली. पुढे इंटरनेटवर तिचे तुकडे फिरत राहिले, ज्यांनी मूळ प्रसारण पाहिलेही नव्हते अशी पिढी तिची चाहती झाली आणि २०१७ मध्ये हॉटस्टारवर ती वेबमालिका म्हणून परतली. झी मराठीवरील ‘दिल दोस्ती दुनियादारी’ २०१६ मध्ये संपल्यावर तरुण प्रेक्षकांकडून पुढच्या भागाची मागणी होत राहिली. वाहिनीने २०१७ मध्ये ‘दिल दोस्ती दोबारा’ आणली. कलाकार तेच, पण पात्रे आणि कथा नवी. प्रेक्षकांना हवे होते माजघरातले तेच मित्र, मिळाले त्यांच्यासारखे दिसणारे दुसरे कोणी.

ओटीटीच्या काळात चाहत्यांपुढे काय उरते?

नेटफ्लिक्सने जून २०१७ मध्ये ‘सेन्सएट’ बंद केली. जगाच्या वेगवेगळ्या शहरांतील, एकमेकांची मने जाणणाऱ्या आठ जणांची ही कथा त्या त्या शहरात जाऊन चित्रित केली जायची, त्यामुळे खर्च अफाट होता. आठांपैकी एक मुंबईची कला दांडेकर. टीना देसाईने ती भूमिका केली होती आणि तिच्या वडिलांच्या भूमिकेत अनुपम खेर होते. कथा अधांतरी सुटल्याने जगभरातून निषेध झाला. महिना उलटायच्या आत कंपनीने माघार घेतली, पण पूर्ण पर्वासाठी नाही. एकच, सुमारे अडीच तासांचा शेवटचा भाग जून २०१८ मध्ये आला. निदान निरोप तरी नीट घ्या, एवढी तडजोड. एनबीसीवरील ‘टाइमलेस’लाही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोन भागांचा असाच समारोप मिळाला.

‘द ओए’च्या चाहत्यांना तेही मिळाले नाही. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये दोन पर्वांनंतर ती थांबवली. वर्गणी काढून न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये डिजिटल फलक लावला गेला, एका चाहतीने कंपनीच्या हॉलीवूडमधील कार्यालयाबाहेर उपोषण केले. मालिका परतली नाही. एखाद्या मालिकेसाठी अन्न सोडावे का, याचे उत्तर सोपे आहे. पण पाच पर्वांची कथा सांगण्याचा बेत घेऊन आलेल्या मालिकेचे दोन पर्वांवर दार बंद करताना कंपनीला ते उत्तर पुरत नाही. वर्गणी भरताना ग्राहकाला मालिका पूर्ण होईल असे कोणी लिहून देत नाही. पण कंपनी जाहिरात करते ती त्याच आशेच्या जोरावर.

याचा उलटा परिणाम आता दिसू लागला आहे. पूर्ण होईपर्यंत मालिका सुरूच करायची नाही, असे ठरवणारे प्रेक्षक आहेत. पण ओटीटी कंपनी निर्णय घेते तो सुरुवातीच्या आठवड्यांत किती जणांनी मालिका पाहून संपवली यावर. थांबून राहणाऱ्याचे पाहणे त्या हिशेबात येतच नाही आणि त्याच्या थांबण्याने मालिका बंद पडण्याची शक्यता वाढते. ज्या नुकसानीला घाबरून तो थांबतो, ते नुकसान असे जवळ येते.

‘व्हील ऑफ टाइम’ परतू शकते का?

मालिका ॲमेझॉन आणि सोनी पिक्चर्स टेलिव्हिजन यांची संयुक्त निर्मिती होती. त्यामुळे ‘एक्सपान्स’सारखा सरळ सौदा इथे शक्य नाही. आधीची तीन पर्वे ॲमेझॉनवर आहेत. नव्या खरेदीदाराला चौथ्या पर्वापासून सुरुवात असलेली मालिका आपल्या प्रेक्षकांपुढे ठेवावी लागेल किंवा जुन्या पर्वांसाठी स्पर्धकाला पैसे मोजावे लागतील. ‘एक्सपान्स’ घेणाऱ्या ॲमेझॉनकडे अमेरिकेत तिचे जुने भाग आधीपासूनच होते. ‘मॅनिफेस्ट’च्या बाबतीत नेटफ्लिक्सचेही तेच. या चाहत्यांना असा खरेदीदार शोधायचा आहे, ज्याच्याकडे मालिकेचा एकही भाग नाही आणि तरीही पुढच्या दहा खंडांसाठी खर्च करण्याची ज्याची तयारी आहे.